अमेरिकन विज्ञान बी-चित्रपट आणि ॲनिमेशन मालिकांतील त्यांचे पडसाद

विज्ञान बी-चित्रपट ही संज्ञा प्रामुख्याने १९५० च्या दशकात अमेरिकेत अल्प खर्चात आणि अल्प मुदतीत तयार झालेल्या, कल्पित विज्ञानावर आधारित चित्रपटांसाठी वापरली जाते. किरणोत्सर्गामुळे अवाढव्य झालेले कीटक, परग्रहावरून आलेले आक्रमक, प्रयोग फसल्यामुळे विद्रूप झालेले शास्त्रज्ञ आणि माणसाचे रूप धारण करणारे परके जीव हे या चित्रपटांचे नेहमीचे विषय होत. प्रदर्शनाच्या वेळी समीक्षकांनी त्यांपैकी बहुतेकांची उपेक्षा केली. मात्र 'द सिम्पसन्स', 'फ्युचरामा', 'मॉन्स्टर्स व्हर्सेस एलियन्स' यांसारख्या ॲनिमेशन मालिकांनी याच चित्रपटांतील आकृती, प्रसंग आणि शीर्षके पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे मूळ चित्रपट कधीही न पाहिलेल्या पिढ्यांनाही ती परिचित झाली आहेत.

संज्ञा

'बी' हे अक्षर मुळात दर्जाचे निदर्शक नव्हते. १९३० च्या दशकातील आर्थिक मंदीच्या काळात अमेरिकन चित्रपटगृहांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याची प्रथा रूढ केली. त्यांतील मुख्य आकर्षणाला 'ए' आणि जोडीच्या, कमी खर्चाच्या व कमी लांबीच्या चित्रपटाला 'बी' म्हणत. मराठीत यासाठी कधी कधी 'दुय्यम चित्रपट' हा शब्द योजला जातो. तो कार्यक्रमातील स्थानाच्या अर्थाने बरोबर असला, तरी वाचकाच्या मनात गुणवत्तेविषयीचा निकाल आधीच देऊन टाकतो. हिंदी चित्रपटव्यवसायात प्रचलित असलेल्या 'बी ग्रेड' या शब्दप्रयोगाला तर वेगळीच, बहुधा उत्तानतेची छटा आहे. या लेखात म्हणून 'बी-चित्रपट' हाच शब्द ठेवला आहे.

या चित्रपटांच्या शीर्षकांतील सर्वनामांचा सोसही लक्षणीय आहे. 'इट केम फ्रॉम आउटर स्पेस' (१९५३), 'देम!' (१९५४), 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' (१९५५), 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड' (१९५६) या नावांत संकटाला नामच दिलेले नाही. मराठीत 'ते' हे सर्वनाम नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन अशी दोन्ही कामे करते. त्यामुळे 'ते आले' या भाषांतरात एक वस्तू आली की अनेक जण आले, हे कळत नाही. या चित्रपटांच्या बाबतीत ही संदिग्धता गैरसोयीची म्हणता येणार नाही.

पार्श्वभूमी

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात दिलेल्या निकालानंतर मोठ्या चित्रसंस्थांना आपल्या मालकीची चित्रपटगृहे सोडावी लागली. त्याच सुमारास दूरचित्रवाणीचा प्रसार झाला आणि प्रौढ प्रेक्षक घरी बसू लागला. चित्रपटगृहांत, विशेषतः मोटारीत बसून चित्रपट पाहण्याच्या 'ड्राइव्ह-इन' पटांगणांत, उरला तो मुख्यतः तरुण प्रेक्षक. जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या आणि पुढे 'अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स' या नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेने नेमका हाच प्रेक्षक हेरला.

विषय मात्र काळानेच पुरविले. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुचाचणी झाली. गॉर्डन डग्लस दिग्दर्शित 'देम!' या चित्रपटात याच चाचणीच्या किरणोत्सर्गामुळे राक्षसी आकाराच्या मुंग्या निर्माण होतात, आणि चाचणीनंतर अवघ्या नऊ वर्षांनी त्या पडद्यावर येतात. 'देम!' हा वॉर्नर ब्रदर्सचा चित्रपट असल्याने काटेकोर अर्थाने तो बी-चित्रपट नव्हे. परंतु पुढील कीटकपटांचा साचा त्यानेच घालून दिला. जॅक आर्नल्ड यांचा 'टॅरँट्युला' (१९५५) आणि बर्ट गॉर्डन यांचा 'बिगिनिंग ऑफ द एंड' (१९५७) ही त्याची पुढची उदाहरणे होत. 'बिगिनिंग ऑफ द एंड'मध्ये शिकागो शहरावर चालून येणारे टोळ खरेच होते. इमारतींच्या छायाचित्रांवर जिवंत टोळ सोडून ती दृश्ये चित्रित केली होती.

डॉन सीगल यांचा 'इनव्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९५६) या सर्वांत अधिक अभ्यासला गेलेला चित्रपट आहे. जॅक फिनी यांच्या कथेवर आधारित या चित्रपटात शेंगांतून उगवलेल्या प्रतिकृती एका लहान गावातील माणसांची जागा घेतात. चेहरा तोच, आवाज तोच, भावना मात्र नाहीशा झालेल्या. हे रूपक साम्यवादाच्या भीतीचे की साम्यवादविरोधी झुंडशाहीचे, यावर दोन्ही बाजूंनी विपुल लिहिले गेले आहे. चित्रसंस्थेच्या आग्रहामुळे आरंभी आणि शेवटी जोडलेल्या प्रसंगांनी मूळचा निराश शेवट सौम्य केला.

प्रसाराचा मार्ग

बी-चित्रपटांचे आयुष्य चित्रपटगृहात जेमतेम काही आठवड्यांचे असे. ते टिकले दूरचित्रवाणीमुळे. स्थानिक वाहिन्यांना रात्री उशिराच्या आणि शनिवारच्या वेळा भरण्यासाठी स्वस्त चित्रपट हवे होते. लॉस एंजेलिस येथे १९५४ मध्ये 'व्हँपायरा' या नावाने एका निवेदिकेने भयपट सादर करण्यास सुरुवात केली आणि चित्रपटाची थट्टा करत तो दाखविण्याची पद्धत रुळली. १९८८ मध्ये सुरू झालेल्या 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या कार्यक्रमात एक माणूस आणि दोन यंत्रमानव-बाहुल्या पडद्यासमोर बसून सबंध चित्रपटभर शेरे मारत. 'फ्युचरामा'च्या एका भागात चित्रपटगृहात याच छायाकृती दिसतात. मूळ चित्रपट, त्याची थट्टा आणि त्या थट्टेची थट्टा अशी ही तिसरी पायरी होय.

आर्थिक दृष्ट्याही दोन्ही प्रकारांत साम्य होते. बी-चित्रपटांत एकच सेट, एकच डोंगर, एकच रबरी पोशाख अनेकदा वापरला जाई. 'रोबॉट मॉन्स्टर' (१९५३) या चित्रपटात तर गोरिलाच्या पोशाखावर पाणबुड्याचे शिरस्त्राण घालून परग्रहवासी साकारला आहे. दूरचित्रवाणीसाठी तयार होणाऱ्या ॲनिमेशननेही काटकसरीचाच मार्ग धरला: हलतात ते फक्त ओठ आणि पाय, मागची पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा तीच. या काटकसरीवर नेमके बोट ठेवणारा लघुपट म्हणजे लूनी ट्यून्स मालिकेतील 'इनव्हेजन ऑफ द बनी स्नॅचर्स' (१९९२). त्यात बग्ज बनी या सशाच्या सोबत्यांची जागा परग्रहावरील गाजरांतून उगवलेल्या प्रतिकृती घेतात, आणि या प्रतिकृती मुद्दाम सपाट, निर्जीव व स्वस्त रेखाटनात दाखविल्या आहेत. सीगल यांच्या चित्रपटात भावना हरवते, येथे रेखाटनातील प्राण हरवतो. मूळ कल्पनेचा इतका समर्पक पुनर्वापर क्वचितच आढळतो.

द सिम्पसन्स

मॅट ग्रोनिंग निर्मित 'द सिम्पसन्स' ही मालिका १९८९ पासून प्रसारित होत आहे. हॅलोवीननिमित्त दरवर्षी सादर होणाऱ्या 'ट्रीहाउस ऑफ हॉरर' या विशेष भागांत बी-चित्रपटांचे विडंबन नियमितपणे येते. १९९५ च्या भागातील 'अटॅक ऑफ द ५० फूट आयसोर्स' या कथेचे नाव 'अटॅक ऑफ द ५० फूट वुमन' (१९५८) या चित्रपटावरून घेतले आहे. मूळ चित्रपटात परग्रहवासीयाच्या संपर्कामुळे महाकाय झालेली एक श्रीमंत, उपेक्षित पत्नी आपल्या बाहेरख्याली पतीचा सूड घेते. विडंबनात शहरातील जाहिरातींचे प्रचंड पुतळे जिवंत होऊन धुमाकूळ घालतात, आणि लोकांनी त्यांच्याकडे पाहणे थांबविल्यावरच ते निष्प्राण होतात. भयाचे कारण अंतराळातून जाहिरातीच्या फलकावर आले, हा बदल केवळ विनोदापुरता नाही.

१९९७ च्या 'फ्लाय व्हर्सेस फ्लाय' या कथेत बार्ट हा मुलगा पदार्थवहन यंत्रात माशीसह शिरतो. 'द फ्लाय' या नावाचे दोन चित्रपट प्रसिद्ध आहेत. डेव्हिड क्रोननबर्ग यांच्या १९८६ च्या चित्रपटात माणूस आणि माशी मिळून एकच जीव तयार होतो. कुर्ट न्यूमन यांच्या १९५८ च्या चित्रपटात मात्र माशीचे डोके असलेला माणूस आणि माणसाचे डोके असलेली माशी असे दोन जीव संभवतात. मालिकेने जुन्या चित्रपटाचा मार्ग स्वीकारला आहे. हास्यनिर्मितीला तो अधिक सोयीचा असल्याचे उघड आहे.

२००६ च्या 'मॅरीड टु द ब्लॉब' या कथेच्या नावात 'मॅरीड टु द मॉब' या १९८८ च्या चित्रपटावर कोटी आहे. योगायोग असा की, 'द ब्लॉब' (१९५८) हा चित्रपट 'आय मॅरीड अ मॉन्स्टर फ्रॉम आउटर स्पेस' या चित्रपटाच्या जोडीने प्रदर्शित झाला होता. मूळ 'ब्लॉब' म्हणजे उल्केतून आलेला, माणसे गिळत मोठा होणारा लालसर गोळा. रंग मिसळलेल्या सिलिकोनपासून तो बनविला होता. मालिकेत होमर सिम्पसन उल्केतील गोळाच खाऊन टाकतो आणि स्वतः ब्लॉब होतो. राक्षसाने माणसाला खाण्याऐवजी माणसाने राक्षसाला खाल्ले, एवढी एकच उलटापालट करून कथा रचली आहे.

या मालिकेतील सर्वांत मार्मिक उदाहरण मात्र हॅलोवीनच्या भागांत नाही. 'डीप स्पेस होमर' (१९९४) या भागात अवकाशयानातील प्रयोगासाठी नेलेल्या मुंग्या पेटी फुटून मोकळ्या होतात. त्यांतील एक मुंगी कॅमेऱ्याच्या अगदी जवळून तरंगत जाते. पडद्यावर ती प्रचंड दिसल्यामुळे वृत्तनिवेदक केंट ब्रॉकमन पृथ्वीवर महाकाय मुंग्यांचे राज्य येणार असे जाहीर करून टाकतो आणि त्या नव्या सत्ताधीशांचे तत्काळ स्वागतही करतो. 'देम!'नंतरच्या चाळीस वर्षांतील सारे कीटकपट ज्या युक्तीवर उभे होते, लहान वस्तू भिंगाजवळ नेऊन मोठी भासविणे, ती युक्तीच येथे विनोदाचा विषय झाली आहे. आणि भोळा ठरतो तो बातम्या देणारा.

फ्युचरामा

ग्रोनिंग आणि डेव्हिड कोहेन यांच्या 'फ्युचरामा' (१९९९) या मालिकेचे नाव १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील जनरल मोटर्स कंपनीच्या दालनावरून घेतले आहे. येथे बी-चित्रपट हा प्रासंगिक विडंबनाचा विषय न राहता मालिकेच्या रचनेचाच भाग आहे. काचेच्या बरण्यांत जिवंत ठेवलेली प्रसिद्ध व्यक्तींची मस्तके 'द ब्रेन दॅट वुडन्ट डाय' (१९६२) या चित्रपटातील धडावेगळ्या शिराची आठवण करून देतात. 'द डे द अर्थ स्टुड स्टुपिड' (२००१) या भागात उडते मेंदू पृथ्वीवर हल्ला करतात. शीर्षक 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' (१९५१) या प्रतिष्ठित चित्रपटावर बेतले असले, तरी तरंगणाऱ्या मेंदूची प्रतिमा 'द ब्रेन फ्रॉम प्लॅनेट अरुस' (१९५७) यासारख्या अगदी स्वस्त चित्रपटाच्या कुळातील आहे. वरचा मजला एकाचा आणि पाया दुसऱ्याचा, ही या मालिकेची नेहमीची पद्धत. 'ॲमेझॉन विमेन इन द मूड' (२००१) हा भाग ज्या १९८७ च्या चित्रपटाच्या नावावर बेतला आहे, तो चित्रपटही 'कॅट-विमेन ऑफ द मून' (१९५३) आणि 'क्वीन ऑफ आउटर स्पेस' (१९५८) या धाटणीचे विडंबन होता.

'फिअर ऑफ अ बॉट प्लॅनेट' (१९९९) हा भाग विशेष उल्लेखनीय आहे. यंत्रमानवांच्या चॅपेक ९ या ग्रहावर (हे नाव 'रोबॉट' हा शब्द जगाला देणारे चेक लेखक कारेल चापेक यांच्यावरून आले आहे) माणसांना बंदी असते. तेथील चित्रपटगृहात 'इट केम फ्रॉम प्लॅनेट अर्थ' नावाचा भयपट चालू असतो. त्यात राक्षस आहे माणूस, आणि किंचाळणारे प्रेक्षक आहेत यंत्रमानव. 'इट' या सर्वनामाचा रोख येथे प्रथमच मनुष्यजातीकडे वळतो. १९५० च्या दशकातील चित्रपट आपल्या प्रेक्षकाला जे विचारू धजले नव्हते, ते या अर्ध्या मिनिटाच्या दृश्यात विचारले आहे.

गॉडझिला

मूळ अर्थ सर्वांत अधिक पुसला गेला तो गॉडझिलाच्या बाबतीत. हा जपानी चित्रपट असला, तरी त्याची प्रेरणा अंशतः 'द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स' (१९५३) या अमेरिकन चित्रपटातून आली होती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सर्गी राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी नौकेवरील तेवीस जणांवर पडली. नौकेवरील रेडिओचालक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मरण पावला. नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झालेल्या इशिरो होंडा यांच्या 'गोजिरा' या चित्रपटाची सुरुवात समुद्रात एक नौका नष्ट होण्याने होते, आणि जपानी प्रेक्षकाला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. १९५६ च्या अमेरिकन आवृत्तीत एका अमेरिकन वार्ताहराचे पात्र घुसविण्यात आले आणि अणुचाचण्यांविषयीचे बरेच संदर्भ गाळण्यात किंवा सौम्य करण्यात आले.

१९७८ मध्ये हॅना-बार्बेरा संस्थेने गॉडझिलाची ॲनिमेशन मालिका काढली. तीत तो 'कॅलिको' या संशोधननौकेवरील मंडळींच्या हाकेला धावून येणारा रक्षक आहे; सोबत 'गॉडझुकी' नावाचे एक विनोदी पिल्लूही आहे. लहान मुलांच्या कार्यक्रमात बॉम्बचा उल्लेख असावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तरीही एक नौका बुडविणारा प्राणी चोवीस वर्षांत दुसऱ्या नौकेचा राखणदार झाला, हे नोंदविणे आवश्यक आहे.

लिटल शॉप ऑफ हॉरर्स

रॉजर कॉर्मन यांनी 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (१९६०) या चित्रपटाचे मुख्य चित्रीकरण दोन दिवसांत, दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेल्या सेटवर उरकले. फुलांच्या दुकानातील एक गरीब नोकर रक्तावर वाढणारी वनस्पती जोपासतो, अशी ही कथा चार्ल्स ग्रिफिथ यांनी लिहिली होती. जॅक निकल्सन हे तेव्हाचे अप्रसिद्ध नट त्यात दंतवैद्याकडील रुग्णाच्या छोट्या भूमिकेत आहेत. चित्रपट प्रताधिकारमुक्त झाल्यामुळे दूरचित्रवाणीवर तो सतत दिसत राहिला.

१९८२ मध्ये हॉवर्ड ॲशमन आणि ॲलन मेंकेन यांनी त्यावर संगीत नाटक रचले. १९८६ मध्ये त्यावर पुन्हा चित्रपट निघाला आणि १९९१ मध्ये 'लिटल शॉप' ही मुलांसाठीची ॲनिमेशन मालिका आली. तीत नायक शाळकरी मुलगा आहे आणि वनस्पती गाणी म्हणते. मालिका अल्पायुषी ठरली. पण खरा पडसाद दुसरीकडे उमटला. नाटकाच्या यशानंतर ॲशमन आणि मेंकेन यांना डिस्नेने पाचारण केले आणि 'द लिटल मर्मेड' (१९८९) व 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१) या ॲनिमेशनपटांची गाणी त्यांनी रचली. डिस्नेच्या पुनरुज्जीवनाचा आरंभ या चित्रपटांपासून मानतात. त्याच्या मुळाशी दोन दिवसांत उरकलेला एक बी-चित्रपट आहे, हे डिस्नेविषयीच्या लेखनात अभावानेच आढळते.

मॉन्स्टर्स व्हर्सेस एलियन्स

ड्रीमवर्क्सच्या २००९ च्या चित्रपटावरून निघालेली ही मालिका २०१३-१४ मध्ये निकेलोडियन वाहिनीवर प्रसारित झाली. तिची पात्रे म्हणजे बी-चित्रपटांचा एक छोटा संग्रहच आहे: महाकाय स्त्री, निळा जेलीसदृश गोळा, झुरळाचे डोके असलेला शास्त्रज्ञ आणि पाण्यातून आलेला मत्स्यमानव. मूळ चित्रपटांत सैन्य यांच्यावर तोफा डागते; येथे तेच सैन्याच्या बाजूने परग्रहवासीयांशी लढतात. नर्म विनोदापलीकडे मालिका फारशी जात नाही. भारतात १९९५ मध्ये सुरू झालेल्या कार्टून नेटवर्क वाहिनीवरील 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी' आणि 'द पॉवरपफ गर्ल्स' या मालिकांतही शहरावर चालून येणारे राक्षस व फसलेले प्रयोग यांची रेलचेल आहे.

मत्स्यमानव आणि श्रेयाचा प्रश्न

जॅक आर्नल्ड यांच्या 'क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून' (१९५४) या त्रिमिती चित्रपटातील मत्स्यमानवाची आकृती ॲनिमेशनमध्ये बहुधा सर्वाधिक वेळा उचलली गेली आहे. कल्ल्यांचे पंखे, जाड ओठ, खवल्यांचे कवच आणि पडदे असलेली बोटे एवढी चार लक्षणे रेखाटली की प्रेक्षक ओळखतो. पाण्याखालील दृश्यांत रिकू ब्राउनिंग आणि जमिनीवरील दृश्यांत बेन चॅपमन यांनी तो पोशाख चढविला होता.

ही आकृती मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने संकल्पित केली. युनिव्हर्सल संस्थेत येण्यापूर्वी त्या डिस्नेमध्ये होत्या आणि 'फँटासिया' (१९४०) या ॲनिमेशनपटासाठी त्यांनी काम केले होते. डिस्नेच्या ॲनिमेशन विभागात काम करणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी त्यांचा दौरा आखण्यात आला, तेव्हा रंगभूषा विभागाचे प्रमुख बड वेस्टमोर यांनी आक्षेप घेतला. श्रेय वेस्टमोर यांच्याकडेच राहिले आणि पॅट्रिक यांना पुढे त्या विभागात काम मिळाले नाही. श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मॅलरी ओमेरा यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द लेडी फ्रॉम द ब्लॅक लगून' या चरित्रामुळे ही हकीकत सर्वदूर पोहोचली. तत्पूर्वीच्या अनेक संदर्भग्रंथांत आकृतीचे श्रेय वेस्टमोर यांनाच दिलेले आढळते.